सोफिया 1958 की मॉस्को 1986: पियानोची पहिली लाइव्ह मैफल कोणती घ्यावी?

शूबर्टपासून राखमानिनोव्हपर्यंतचं रोमँटिक (म्हणजे मुख्यतः एकोणिसाव्या शतकातलं, भावनेला पुढे ठेवणारं) पियानो-संगीत ऐकायचंय, आणि तेही स्टुडिओतलं नको, भरल्या सभागृहातलं हवं, असं कुणी विचारलं की माझ्या तोंडी दोन नावं येतात. पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्टरची बल्गेरियातल्या सोफिया शहरातली मैफल, 25 फेब्रुवारी 1958. आणि दुसरा पियानोवादक व्लादिमीर होरोविट्झची मॉस्कोतली, 20 एप्रिल 1986. दोन्ही घ्या म्हणणं सोपं आहे. पण पहिलं रेकॉर्डिंग चुकलं तर माणूस पुन्हा या वाटेला जात नाही, म्हणून मी निवडूनच सांगते. पियानो कानाला अगदीच नवा असेल तर मॉस्को घ्या. थोडं जरी ऐकलेलं असेल तर सोफिया, आणि आजच.

दोघांचं मूळ फार जवळचं. होरोविट्झ 1903 साली कीव्हमध्ये जन्मला, रिख्टर 1915 साली झितोमिरमध्ये. दोन्ही गावं आज युक्रेनमध्ये आहेत. होरोविट्झचे गुरू फेलिक्स ब्लुमेनफेल्ड. रिख्टरचे गुरू हाइनरिख नॉयहाउस, आणि नॉयहाउस हे ब्लुमेनफेल्ड यांचे भाचे. आपल्याकडे याला सरळ एकच घराणं म्हटलं असतं. तरी दोघांचं वाजवणं इतकं निराळं आहे की नातं सांगितल्याशिवाय कळू नये.

सोफियाची अडचण आधी सांगून टाकते. रेकॉर्डिंग मोनो, म्हणजे डावा-उजवा भेद नसलेलं आहे, टेपची खरखर आहे आणि श्रोते खोकतात. भर फेब्रुवारीतली मैफल, त्यामुळे खोकला सुरुवातीपासून सोबतीला. मी पहिल्यांदा हे बसमध्ये, इअरफोन लावून ऐकलं आणि दहा मिनिटांत बंद केलं. काही महिन्यांनी घरी स्पीकरवर लावलं, तेव्हा कळलं की हरवलं असतं तर काय हरवलं असतं. आपण जुन्या मैफलींची रेकॉर्डिंगं ऐकत वाढलेली माणसं. मध्येच तबला ठोकून घेतलेला, कुणीतरी उठून गेलेलं, हे सगळं पोटात घेऊन आपण गाणं ऐकतोच की. तो कान इथे कामी येतो.

या मैफलीचा कणा म्हणजे रशियन रचनाकार मुसॉर्गस्कीचं ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’. व्हिक्टर हार्टमान हा त्याचा मित्र 1873 मध्ये गेला, त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं आणि 1874 मध्ये मुसॉर्गस्कीनं हे रचलं: एकेक चित्र, आणि मधूनमधून एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत चालत जाणं. रिख्टर मुसॉर्गस्कीची मूळ संहिता वाजवतो आणि त्याचा परिणाम ‘बिड्लो’ या बैलगाडीच्या तुकड्यात थेट कळतो. अनेक वर्षं चालत आलेल्या सुधारित प्रतीत ही गाडी लांबून, हळू आवाजात येते. मुसॉर्गस्कीनं मात्र पहिल्याच सुरापासून पूर्ण जोर लिहिलाय. रिख्टरची गाडी त्यामुळे एकदम अंगावर येते, चाकांच्या वजनासकट. पुढे फ्रान्समधल्या लिमोज गावच्या बाजारातली भांडणं तो अशा वेगात वाजवतो की छाती धडधडते, आणि तो कलकलाट न थांबता ‘कॅटाकोम्ब्ज’च्या पहिल्या सुरावर आदळतो. बाजार संपला आणि तळघरातली थडगी सुरू. मध्ये श्वासाइतकीही जागा नाही. चुकीचे सूर आहेत का? आहेत. तो जोखीम घेतोय हे त्यावरूनच कळतं.

आणि मग लिस्टचं ‘फ्यू फोले’. दलदलीवर रात्री लुकलुकणारे फसवे दिवे, असा नावाचा अर्थ. उजव्या हाताला दोन-दोन सूर एकदम, प्रचंड वेगात, आणि बहुतेक सगळं कुजबुजल्यासारखं हलकं. जोरात वाजवणारे पुष्कळ सापडतात. हे हलक्या आवाजात वाजवणं भल्याभल्यांना जमत नाही. रिख्टर आवाज वर जाऊच देत नाही, आणि इतका वेळ खोकणारं सभागृहही मला तिथे दम धरून बसल्यासारखं वाटतं. त्या काळात त्याला पश्चिमेकडे जाऊ दिलं जात नव्हतं. अमेरिकेत तो 1960 मध्ये पोचला. तिकडच्या पुष्कळ रसिकांची त्याच्याशी ओळख या रेकॉर्डिंगनंच झाली.

मॉस्कोचं सगळंच वेगळं. होरोविट्झनं 1925 मध्ये देश सोडला आणि 61 वर्षांनी, वयाच्या 82व्या वर्षी, मॉस्को कॉन्झर्व्हेटरीच्या मोठ्या सभागृहात तो वाजवायला बसला. स्वतःचा स्टाइनवे पियानो न्यूयॉर्कहून सोबत आणला होता. आवाज डिजिटल, स्वच्छ, जवळचा. सुरुवात स्कार्लाती आणि मोझार्टनं होते, ती रोमँटिक नव्हे, पण गाळू नका. हात कसा उघडत जातो ते तिथे ऐकू येतं. मग राखमानिनोव्ह, स्क्रियाबिन, शूबर्ट, लिस्ट, शोपँ. सगळे तुकडे छोटे. नव्या श्रोत्याला ही मोठी सोय आहे: मन भरकटायच्या आत पुढची चीज आलेली असते.

तुलना करायची तर दोघांचा शूबर्ट शेजारी शेजारी लावून बघा. रिख्टर ई-फ्लॅट या स्वरातलं इम्प्रॉम्प्ट्यू (उत्स्फूर्त वाटावा असा छोटा तुकडा) वाजवतो, त्याची धावती माळ मोत्यासारखी सारखी, भावनेचं प्रदर्शन शून्य. होरोविट्झ बी-फ्लॅटमधलं घेतो. त्यात एकच धून पुन्हा पुन्हा रूप बदलून येते आणि हा प्रत्येक फेरीत तिला निराळा रंग देतो. डाव्या हातातला कुणाला न दिसलेला सूर मध्येच उचलून दाखवतो. काहींना हे लाडावलेलं वाटतं. मला वाटत नाही, पण ती तक्रार मला समजते. स्क्रियाबिनच्या डी-शार्प मायनर एट्यूडमध्ये (एट्यूड म्हणजे हाताच्या तयारीची कसोटी बघणारा तुकडा) मात्र होरोविट्झचं वय जाणवतं. डाव्या हाताच्या उड्या काही ठिकाणी पुसट होतात.

मॉस्कोची आणखी एक जमेची बाजू म्हणजे चित्रफीत. जमलं तर तीच बघा. बोटं जवळजवळ सपाट, आणि उजव्या हाताची करंगळी आत मुडपलेली. तिची पाळी आली की झटकन बाहेर येते, सूर वाजवते, परत आत. शेवटाकडे शूमानचं ‘ट्रॉयमेराय’ लागतं. सूर लहान मुलालाही वाजवता यावेत इतके साधे. कॅमेरा श्रोत्यांतल्या एका माणसावर थांबतो, आणि त्याच्या गालावरून अश्रू ओघळतो. तो चेहरा न हलवता बसून राहतो.

होरोविट्झचा पूर्ण भरातला हात हवा असेल तर न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधली 9 मे 1965ची मैफल घ्या; 12 वर्षांच्या खंडानंतरची. त्यात शूमानची ‘फँटसी’ आहे आणि शोपँचं जी मायनर बॅलड. फक्त आवृत्ती बघून घ्या. जुन्या तबकडीत काही चुका नंतर दुरुस्त केलेल्या आहेत. 2003 मध्ये निघालेल्या असंपादित आवृत्तीत त्या जशाच्या तशा आहेत, अगदी सुरुवातीच्या बाख-बुसोनीमधल्या (बाखची रचना, बुसोनीनं पियानोसाठी बसवलेली) चुकीच्या सुरासकट. मी असंपादितच ऐकते. पण हे दुसरं किंवा तिसरं रेकॉर्डिंग म्हणून.

सोफिया शोधताना तारीख तपासा. रिख्टरनं ‘पिक्चर्स’ अनेकदा वाजवलंय आणि स्ट्रीमिंगवर नावं सरमिसळ झालेली असतात. ‘सोफिया, 1958’ लिहिलेलं असेल तेच घ्या, फोनवर नको, स्पीकरवर लावा, आणि सुरुवात ‘फ्यू फोले’पासून करा. चारेक मिनिटांचा तर आहे. मग मागे येऊन ‘पिक्चर्स’ पहिल्यापासून ऐका, सलग, दार लावून.