मार्स, स्निकर्स, फाइव्ह स्टार की बारवन? कॅरॅमल बार निवडण्यापूर्वी

म्हापसा किंवा मडगाव येथील साध्या किराणा दुकानात गल्ल्यापाशी फाइव्ह स्टार आणि बारवन मांडलेले असतात, मोठ्या सुपरमार्केटात त्यांच्या जोडीला स्निकर्स व मार्स दिसतात, आणि आखातातून, इंग्लंडमधील स्विंडनहून किंवा बोटीवरून सुटीला आलेल्या नातलगांच्या बॅगेतून आणखी काही परदेशी नावे घरात पोहोचतात. या सर्वांची घडण जवळपास एकाच कुळातली आहे: फेटलेले मऊ नूगट, त्याला कॅरॅमलची जोड आणि भोवती चॉकलेटचे पातळ कवच. निवड करताना नावापेक्षा आत काय भरले आहे आणि कवच कशाचे आहे, हे पाहणे अधिक उपयोगी ठरते. तसे का, ते या बारांच्या इतिहासातच दडलेले आहे.

अमेरिकेतील मिनियापोलिस येथे फ्रँक मार्स यांनी १९२३ मध्ये मिल्की वे हा बार आणला. त्यामागील हिशेब व्यापाऱ्याचा होता. चॉकलेट महाग असते, तर नूगट म्हणजे साखरेच्या गरम पाकात अंड्याचा पांढरा बलक किंवा दुधातील प्रथिने फेटून हवा भरलेला पदार्थ असतो. त्यामुळे त्याच किमतीत निव्वळ चॉकलेटच्या वडीपेक्षा बराच मोठा दिसणारा बार देता येत होता. १९३० मध्ये याच कंपनीने शेंगदाणे घातलेला स्निकर्स बाजारात आणला आणि त्याला मार्स कुटुंबाच्या आवडत्या घोड्याचे नाव दिले. पुढे फ्रँक यांचे मुलाशी, म्हणजे फॉरेस्ट मार्स यांच्याशी बिनसले. फॉरेस्ट इंग्लंडला गेले आणि १९३२ मध्ये स्लाव येथे भाड्याच्या कारखान्यात, मोजक्या कामगारांना हाताशी धरून त्यांनी वडिलांच्या मिल्की वेचीच इंग्रजी जिभेसाठी अधिक गोड केलेली आवृत्ती ‘मार्स’ या नावाने विकायला सुरुवात केली. आरंभी त्याच्या कवचाचे चॉकलेट कॅडबरीकडून विकत घेतले जात होते. आज गल्ल्यावर एकमेकांसमोर उभ्या असलेल्या या दोन घराण्यांचा संबंध असा गिऱ्हाईक आणि पुरवठादार म्हणून सुरू झाला.

नावांचा गोंधळ येथूनच उद्भवला. अमेरिकेतील मिल्की वे हा साधारणपणे इंग्लंडमधील मार्ससारखा असतो, पण इंग्लंडमधील मिल्की वेमध्ये कॅरॅमल नसतेच, केवळ नूगट असते. स्निकर्स ब्रिटनमध्ये १९९० पर्यंत ‘मॅरेथॉन’ या नावाने विकला जात होता. १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये आलेला ट्विक्स युरोपातील अनेक देशांत १९९१ पर्यंत ‘रेडर’ म्हणून ओळखला जाई. त्यात नूगटाऐवजी बिस्किट असल्यामुळे तो या पंक्तीत तसा पाहुणाच आहे. तेव्हा अमेरिकेतल्या मावशीने आणलेला मिल्की वे आवडला म्हणून स्विंडनच्या मामाला तोच आणायला सांगितला, तर हाती वेगळाच पदार्थ पडेल. मामाला मार्स आणायला सांगावे.

फाइव्ह स्टारची कथा आपल्याकडची आहे. कॅडबरी १९४८ पासून भारतात असली, तरी हा बार १९६९ मध्ये आला. गोव्यात १९६१ पूर्वी परदेशी माल सहज मिळत असे; त्यानंतर आयातीवरील भारतीय निर्बंध येथेही लागू झाले, आणि पुढच्या पिढीसाठी कॅरॅमल बार म्हणजे सोनेरी वेष्टनातला फाइव्ह स्टार हे समीकरण पक्के झाले. चवीच्या दृष्टीने तो मार्सची नक्कल नाही. मार्स सुरीने आडवा कापला, तर खाली फिकट नूगट आणि वर सोनेरी कॅरॅमलचा वेगळा पट्टा दिसतो. फाइव्ह स्टारमध्ये दोन्ही एकजीव झालेले असल्याने गाभा तपकिरी, दाट आणि चिवट लागतो. ज्याला कॅरॅमलची धार ओढून खायला आवडते त्याने मार्स घ्यावा, आणि ज्याला चघळायला आवडते त्याला पाच-दहा रुपयांचा फाइव्ह स्टार पुरेसा आहे. दोन्हींत मला मार्स किंचित अधिक गोड वाटतो.

श्रावणात किंवा सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, असणाऱ्या घरांत प्रश्न अंड्याचा येतो. ब्रिटनमधील मार्समध्ये अंड्याच्या पांढऱ्या बलकाची भुकटी असते, आणि आपल्याकडील नियमांनुसार अंडे असलेला पदार्थ मांसाहारी ठरतो. मे २००७ मध्ये तेथील मार्स कंपनीने प्राण्यांच्या जठरातून मिळणारे, दूध फाडणारे रेनेट वापरून काढलेली दुधाची निवळी वापरण्याचे जाहीर केले, तेव्हा तेथील शाकाहारी मंडळींनी इतका गदारोळ केला की त्याच महिन्यात निर्णय मागे घ्यावा लागला. अंड्याचा घटक मात्र राहिला. भारतात विकला जाणारा अंडेविरहित स्निकर्स, फाइव्ह स्टार आणि बारवन यांच्यावर हिरवी खूण असते. स्निकर्स परदेशातून आलेला असेल तर त्याला हे लागू नाही. म्हणून चवथीला घरी येणाऱ्या मुलांसाठी बार घ्यायचे असतील, तर भारतीय वेष्टनातलेच घ्यावेत.

कवचाचा प्रश्न आपल्या हवेत विशेष महत्त्वाचा आहे. कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याआधीच मऊ पडू लागते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये खिशात ठेवलेला मार्स पणजीहून फोंड्याला पोहोचेपर्यंत वेष्टनाला चिकटतो. बारवनच्या वेष्टनावर चॉकलेटऐवजी ‘चोको लेयर’ असा उल्लेख असतो. अशा कवचात कोको बटरची जागा अन्य वनस्पतिजन्य स्निग्धांशाने घेतलेली असते. ते उन्हाळ्यात अधिक तग धरते, पण तोंडात तितक्या सहजपणे विरघळत नाही आणि टाळूवर मेणासारखा थर राहतो. बारवन बनवणाऱ्या नेस्लेचे कारखाने उसगाव आणि डिचोली येथे आहेत, एवढ्यावरून तो गोव्याचाच आहे असे मात्र समजू नये. उत्पादनाचे ठिकाण वेष्टनावर वाचावे.

फ्रिज हा उपाय अर्धाच आहे, कारण कॅरॅमल इतके कडक होते की डळमळीत दात असलेल्यांनी फाइव्ह स्टार थेट फ्रिजमधून काढून खाऊ नये. शिवाय दमट हवेत थंड बार बाहेर काढून लगेच उघडला, तर त्यावर दव धरते, साखर विरघळते आणि वाळल्यावर पांढुरकी खरखरीत साय दिसते. बार हवाबंद डब्यात ठेवून, डबा न उघडता दहा-पंधरा मिनिटे बाहेर राहू द्यावा. सुपरमार्केटातील आयात केलेल्या मार्सवर पांढरी झाक असेल, तर तो वाटेत एकदा तरी वितळून पुन्हा घट्ट झाला असण्याची शक्यता असते. तो खाल्ल्याने अपाय होत नाही, पण पूर्ण किंमत मोजून घेण्याच्या लायकीचाही तो राहिलेला नसतो.