फिशर गोल्ड बग २ : ग्राउंड बॅलन्स हाताने करावा लागतो, आणि मला तेच आवडलं

गोल्ड बग २ हा सोनं शोधायचा मेटल डिटेक्टर, आणि ग्राउंड बॅलन्स म्हणजे जमिनीतल्या खनिजांमुळे मशीन वाजू नये म्हणून करायची जुळवणी. आधीचं माझं मशीन ऑटोमॅटिक ग्राउंड बॅलन्सवालं होतं, साध्या मातीत छान चालायचं पण काळी, लोहखनिजाची वाळू आली की नुसता कलकलाट, मग मी सेन्सिटिव्हिटी उतरवत जायचो आणि बारीक सोन्यावरून किती वेळा कॉइल (जमिनीवरून फिरवायची खालची चकती) फिरवून पुढे गेलो असेन त्याची हळहळ अजून जात नाही.

गोल्ड बग २ ला स्क्रीनच नाही. ग्राउंड रिजेक्टचा, म्हणजे ग्राउंड बॅलन्सचाच, एक नॉब, बारीक फरकासाठी दुसरा, बाकी सगळं कानावर. आधी कॉइल फिरवून खाली धातू नाही याची खात्री करायची, मग कॉइल फूटभर उंचीवरून जमिनीच्या अगदी जवळ आणायची, परत उचलायची, असं करत राहायचं. खाली नेताना आवाज चढला तर नॉब एका बाजूला, दबला तर दुसऱ्या बाजूला, आणि वरखाली करूनही मशीनची सतत चालणारी हलकी गुणगुण एकसारखी राहिली की झालं. पहिल्या दिवशी मला अर्धा तास लागला, आता मिनिटभरात होतं.

यात एक गोष्ट मला उशिरा कळली. बॅलन्स अगदी बरोबर मध्यावर नाही तर जरासा पॉझिटिव्ह ठेवायचा, म्हणजे कॉइल खाली गेली की आवाज किंचित, अगदी किंचित चढला पाहिजे. निगेटिव्हकडे झुकला तर बारीक कणाचा कमजोर सिग्नल जमिनीबरोबरच दबून जातो. तांदळाच्या कणीएवढं सोनं मला असंच मिळालं, आणि खरं सांगतो, बीप असा नव्हताच, गुणगुणीत नुसती एक उचकी लागल्यासारखं झालं.

एकदा बॅलन्स केला की दिवसभर सुटलो असं मात्र नाही हां, माती बदलली, कॉइल बदलली, किंवा मशीन तापून स्थिर झालं की परत तपासायचं. हॉट रॉक, म्हणजे सोनं नसतानाही मशीन वाजवणारे दगड, वाजतात कारण त्यांच्यातलं लोहखनिज आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळं असतं आणि आपण बॅलन्स केलेला असतो मातीवर, म्हणून एका दगडासाठी नॉब हलवू नका, सगळी जमीन बोलायला लागेल. मिनरलायझेशनचा (जमिनीत खनिज किती आहे त्याचा) स्विच लो, नॉर्मल, हाय असा आहे, मी हाय अगदी नाइलाज झाल्यावरच लावतो कारण त्यात सेन्सिटिव्हिटी जाते.

फ्रिक्वेन्सी ७१ किलोहर्ट्झ, त्यामुळे बारीक सोन्याला एक नंबर पण खोल गेलेल्या मोठ्या नगेटसाठी (सोन्याच्या गोळ्यासाठी) हे मशीन नाही, आणि फार लाल, लोहाने भरलेल्या मातीत कितीही नॉब फिरवा, तिथे पल्स इंडक्शनवालंच (वेगळ्या तंत्राचं, अशा मातीत चालणारं) मशीन लागतं. कॉइल पाण्यात चालते, कंट्रोल बॉक्स नाही, ओढ्यात जपून.

हेडफोन मात्र घ्याच, जरासा वारा असला तरी ती उचकी उघड्या कानाला ऐकू येत नाही.