परदेशी विद्यार्थ्यांशी पडद्यावरून बोलायचं, पण कोणत्या पद्धतीने?

‘यंदा परदेशी विद्यापीठाबरोबर व्हर्च्युअल एक्स्चेंज करू या’ असं कॉलेजात ठरतं, तेव्हा पुढचा प्रश्न बहुधा कुणी विचारतच नाही: कोणत्या प्रकारचं? लांबून सगळे प्रकार सारखेच दिसतात. पडद्यावर आठ-दहा चौकटी, त्यात चार देशांतली मुलं आणि विषय हवामानबदल, स्थलांतर किंवा लिंगभाव. प्रत्यक्षात त्यांतल्या दोन मुख्य पद्धतींचे हेतू इतके वेगळे आहेत की चुकीची निवडली तर सेमिस्टर वाया गेल्यासारखं वाटतं. एका पद्धतीत मुलं बोलतात आणि बोलणं हेच काम असतं. दुसरीत मुलं मिळून काहीतरी तयार करतात आणि बोलणं त्या कामापुरतं होतं. पहिलीला ‘फॅसिलिटेटेड डायलॉग’ म्हणजे कुणीतरी चालवलेला संवाद म्हणतात, दुसरीला ‘कॉइल’ (कोलॅबोरेटिव्ह ऑनलाइन इंटरनॅशनल लर्निंग). विद्यार्थी म्हणून नाव नोंदवायचं असो किंवा शिक्षक म्हणून सुरू करायचं असो, आधी या दोन्हींमधला फरक नीट बघावा.

पहिलीचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे सोलिया. ही संस्था 2003 मध्ये सुरू झाली, म्हणजे अमेरिका इराकमध्ये शिरली त्याच वर्षी. तिच्या ‘कनेक्ट प्रोग्रॅम’मध्ये अमेरिका-युरोपातले आणि अरब व इतर मुस्लिमबहुल देशांतले विद्यार्थी आठ-दहा जणांच्या गटात एकत्र येतात. आठवड्यातून एकदा दोन तास, साधारण आठ आठवडे तोच गट आणि सोबत प्रशिक्षण घेतलेला फॅसिलिटेटर, म्हणजे चर्चा चालवणारा माणूस. युरोपीय संघाने 2018 ते 2020 या काळात इरॅस्मस प्लस या आपल्या शिक्षण-देवाणघेवाणीच्या योजनेच्या छत्राखाली हीच पद्धत युरोप आणि भूमध्य समुद्राच्या दक्षिणेकडच्या देशांतल्या 18 ते 30 वयाच्या तरुणांसाठी वापरली. लिबियातल्या बेनगाझीत 2012 मध्ये मारले गेलेले अमेरिकी राजदूत ख्रिस्तोफर स्टीव्हन्स यांच्या स्मरणार्थ 2015 मध्ये सुरू झालेला, व्हर्च्युअल एक्स्चेंजला मदत करणारा स्टीव्हन्स इनिशिएटिव्हही याच काळजीतून आलेला. थोडक्यात, या पद्धतीचं मूळ युद्धात आणि संशयात आहे. माणसं एकमेकांना घाबरतात, हे ती गृहीत धरूनच सुरुवात करते.

कॉइलचा जन्म वर्गात झाला. न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठ समूहातल्या परचेस कॉलेजात चित्रपट शिकवणारे जॉन रूबिन यांच्या प्रयोगांतून 2006 मध्ये तिथं कॉइल केंद्र उभं राहिलं. दोन देशांतले दोन शिक्षक आपापल्या अभ्यासक्रमातला एखादा तुकडा जोडतात, साधारण चार ते आठ आठवडे. आधी ओळखीचे खेळ, मग तुलना, मग मिश्र गटांत प्रकल्प, शेवटी आपण काय शिकलो ते लिहायचं. प्रत्येक शिक्षक आपल्याच विद्यार्थ्यांना गुण देतो. कुणाची फी कुणाकडे जात नाही आणि क्रेडिट हस्तांतराची भानगडही नाही. 2020 च्या टाळेबंदीत परदेशी जाणंच बंद झालं तेव्हा जगभरच्या विद्यापीठांना कॉइल एवढं सोयीचं वाटलं, त्याचं मोठं कारण हेच.

आता खरा मुद्दा. दोन विद्यार्थ्यांत मतभेद झाला की पुढे काय होतं?

कॉइलमध्ये बहुतेक वेळा काहीच होत नाही, आणि मला तिथंच खटकतं. समजा विषय हवामानबदल आहे. पुण्याची मुलगी म्हणते, आमचं दरडोई उत्सर्जन तुमच्यापेक्षा कितीतरी कमी, मग काटकसर आम्ही का करायची? समोरचा अमेरिकी मुलगा म्हणतो, पण एकूण आकड्यात भारत पहिल्या तिघांत आहे. या वादात खूप काही शिकण्यासारखं आहे. ऐतिहासिक जबाबदारी, कोळसा, कारखान्यातला माल कुणी वापरायचा आणि धूर कुणाच्या नावावर मांडायचा, सगळं त्यात येतं. पण शुक्रवारी स्लाइड्स द्यायच्या असतात. मग दोघंही समजूतदारपणे ‘दोन्ही देशांनी मिळून प्रयत्न केले पाहिजेत’ असं लिहून मोकळे होतात. प्रकल्प वेळेत होतो, गुण मिळतात, वाद तसाच राहतो. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वीकारलेली 17 शाश्वत विकास उद्दिष्टं कॉइलवाल्यांना फार प्रिय आहेत. त्यातलं एक उद्दिष्ट उचलायचं आणि कॅनव्हावर देखणं पोस्टर करायचं, हा शेवट तर इतका ठरलेला की पोस्टरवरचा हिरवा रंगसुद्धा ओळखीचा वाटतो.

सोलियाच्या पद्धतीत नेमकी उलट सोय आहे. तिथं शेवटी काहीच सादर करायचं नसतं, त्यामुळे मतभेद गुंडाळून ठेवायचं कारण उरत नाही. फॅसिलिटेटर स्वतःचं मत देत नाही, न्यायनिवाडा करत नाही. कुणी ‘तुमच्याकडे बायकांना स्वातंत्र्य नाही’ असं बोलून गेलं की तो विचारतो, हे तुला कशावरून वाटतं, आणि हे ऐकून इतरांना काय वाटलं. तो तापलेलं वाक्य झाकत नाही, पण पेटूही देत नाही. हे कसब आहे आणि त्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. म्हणूनच कॉइल करणाऱ्या शिक्षकाने ‘मी बघतो की चर्चा’ म्हणून हे काम सहज अंगावर घेऊ नये. शिक्षकाच्या हातात इंटर्नलचे गुण असतात. त्याच्यासमोर मुलं मोकळी बोलतील, ही अपेक्षाच भाबडी आहे.

मात्र संवादाची बाजू घेताना एक गोष्ट विसरता येत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये मांडलं की दोन गटांची नुसती गाठ पडल्याने पूर्वग्रह कमी होत नाहीत. दोघांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, त्यासाठी सहकार्य हवं आणि वरून पाठिंबा हवा. या चारपैकी ‘समान ध्येय’ आणि ‘सहकार्य’ कॉइलमध्ये आयतं मिळतं, संवादात ते ओढूनताणून आणावं लागतं. त्यामुळे कॉइलमध्ये खोल चर्चा झाली नाही तरी रात्री अकराला ‘तुझा भाग झाला का?’ असं विचारणारा कैरोचा सहकारी मिळतो, आणि तेही कमी नाही.

दर्जा समान असण्याचा प्रश्न तर दोन्हीकडे अवघड. एमिल ब्रूनो आणि रिबेका सॅक्स यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इस्रायली-पॅलेस्टिनी आणि गोरे अमेरिकी-मेक्सिकन स्थलांतरित अशा जोड्यांना ऑनलाइन व्हिडिओवरून बोलायला लावलं होतं. ज्यांची बाजू एरवी कुणी ऐकत नाही त्यांचा दृष्टिकोन सुधारला, तो आपलं म्हणणं मांडल्यावर आणि समोरच्याने ते ऐकल्यावर. ज्यांचं वर्चस्व असतं त्यांचा सुधारला, तो दुसऱ्याचं ऐकून घेतल्यावर. म्हणजे ‘सगळ्यांना तीन-तीन मिनिटं’ हा वरवर न्याय्य वाटणारा नियम दोघांना सारखंच देत नाही. चांगल्या फॅसिलिटेटरला हे ठाऊक असतं. प्रकल्पाच्या गटात मात्र ज्याचं इंग्रजी सफाईदार तोच लेखक होतो, तोच सादरीकरण करतो, बाकीचे ‘फॉन्ट ठीक करतो’ म्हणतात.

भारतीय मुलांच्या बाबतीत यात आणखी एक पदर आहे. परदेशी विद्यार्थी हमखास जातीबद्दल विचारतो. तेव्हा ‘आता शहरात तसं काही राहिलं नाही’ असं जो पटकन सांगतो, तो कुठल्या घरातून आला आहे आणि गटातली जी मुलगी गप्प आहे ती कुठल्या, याचा विचार कुणीतरी करायला हवा. कॉइलच्या आइसब्रेकरमध्ये देशाची ओळख पुरणपोळी, गणपती आणि बॉलिवूड यांच्यावर उरकते, तिथं हा प्रश्नच येत नाही. संवादात येतो, आणि तो आला की गप्प राहायचाही हक्क असला पाहिजे. सहभागी व्हायच्या आधी संयोजकांना हे स्पष्ट विचारा.

वेळेचं गणित याहून रुक्ष, पण कार्यक्रम बहुतेक वेळा इथंच कोसळतो. पुण्यात संध्याकाळचे साडेसात म्हणजे हिवाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे नऊ, बर्लिनला दुपारचे तीन, कैरोला चार. उत्तम. यात टोकियो आणलंत तर तिथं रात्रीचे अकरा वाजलेले असतात. जपान आणि अमेरिकेचा पूर्व किनारा दोन्ही एकाच थेट सत्रात बसवायचा हट्ट धरू नका. आपलं घड्याळ वर्षभर स्थिर. अमेरिकेचं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतं, युरोपचं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मधल्या आठवड्यांत तिन्हीकडची मुलं वेगवेगळ्या वेळी येऊन ‘कुणीच नाही का?’ असं टाइप करत बसतात. इजिप्तमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, रविवारी कामाचा दिवस. येती दोन-तीन वर्षं रमजान जानेवारी ते मार्चच्या दरम्यान येतो. साडेसातला सुरू झालेलं दोन तासांचं सत्र कैरोत सहाला संपतं, आणि फेब्रुवारीत तिथं सूर्यास्त त्याच सुमारास. दिवसभराचा उपास करून मुलं इफ्तारच्या वेळी पडद्यासमोर, आणि विषय जागतिक अन्नसुरक्षा!

सेमिस्टरही जुळत नाहीत. आपलं पहिलं सत्र दिवाळीच्या आसपास परीक्षांत संपतं, जर्मनीचं हिवाळी सत्र तेव्हा नुकतंच सुरू होत असतं. अमेरिकेशी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत एक खिडकी मिळते. दुसरी, जास्त निवांत, जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत. चार-पाच आठवड्यांचं कॉइल यात सहज बसतं, आठ आठवड्यांचा संवाद ओढाताण करून. एका बाबतीत कॉइल स्पष्टच वरचढ आहे: त्यातलं बरंचसं काम एकाच वेळी ऑनलाइन न येता होऊ शकतं. हॉस्टेलच्या वायफायवर आणि मोबाईलच्या छोट्या पडद्यावर दोन तास कॅमेरा सुरू ठेवणं ज्याला शक्य नाही, त्याच्यासाठी ही किरकोळ गोष्ट नाही.

इंग्रजीच्या धास्तीबद्दलही तेच. लिहून द्यायला वेळ मिळाला की मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी त्याच्या अकलेइतका दिसतो. थेट सत्रात तो त्याच्या इंग्रजीइतकाच दिसतो. अमेरिकेतल्या एमआयटीत 1997 मध्ये सुरू झालेल्या ‘कुल्तुरा’ उपक्रमाने यावर सुंदर तोड काढली होती. फ्रेंच आणि अमेरिकी विद्यार्थी एकाच प्रश्नावलीची उत्तरं आपापल्या भाषेत लिहीत, मग दोन्ही रकाने शेजारी ठेवून चर्चा करत, तीही ज्याच्या त्याच्या भाषेत. भाषाविभागांनी हा नमुना जरूर बघावा. फ्रेंच, जर्मन किंवा जपानी शिकणाऱ्या मराठी मुलांना तो कॉइलपेक्षाही जवळचा वाटेल.

व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना तिसरा पर्यायही दिसेल, एक्स-कल्चर. उत्तर कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो इथल्या विद्यापीठात वास तारास यांनी 2010 मध्ये तो सुरू केला. अनेक देशांतल्या मुलांचा एक संघ एका खऱ्या कंपनीच्या अडचणीवर अहवाल लिहितो आणि संघातले सहकारी एकमेकांना गुण देतात. शिस्त कडक, बायोडेटावर चांगला दिसतो. जागतिक प्रश्नांवर बोलायचं म्हणून जाणार असाल तर मात्र निराश व्हाल, तिथं निर्यातीची बाजारपेठ शोधायची असते.

विद्यार्थ्याच्या हातात निवड किती, हेही बघावं. कॉइल किंवा एक्स-कल्चर सहसा एकट्याने करता येत नाही, तुमच्या शिक्षकाने पुढाकार घ्यावा लागतो. संवादाचे कार्यक्रमही बऱ्याचदा विद्यापीठांमार्फत चालतात, काही वेळा वैयक्तिक नोंदणी खुली असते. अमेरिकेत किंवा युरोपात शिकायला गेलेल्या मराठी मुलांना हे दोन्ही अभ्यासक्रमाच्या यादीत आयते सापडू शकतात, तिथं संवादाचा पर्याय दिसला तर तो आधी घ्या. शिक्षकांसाठी उलट सल्ला. संवाद स्वतः चालवायला जाऊ नका, कॉइल करा. ते तुमच्या अभ्यासक्रमात, तुमच्या इंटर्नलमध्ये बसतं. फक्त परदेशी सहकाऱ्याबरोबर आखणीला दोन-तीन महिने लागतात आणि बहुतेक ठिकाणी ते तास कार्यभारात धरले जात नाहीत, हे प्राचार्यांशी आधीच बोलून घ्या.

आणि कॉइल केलंतच तर प्रकल्पाचा एक आठवडा कापा. त्या जागी दोन सत्रं अशी ठेवा, ज्यांना गुण नाहीत, रेकॉर्डिंग नाही आणि दोन्ही शिक्षक बाहेर. चालवायला बाहेरून प्रशिक्षित माणूस आणा. समाजकार्य किंवा समुपदेशनाच्या विभागात असं कुणीतरी असण्याची शक्यता चांगली आहे. ही सत्रं ओळखीच्या आठवड्यात नकोत, प्रकल्प अर्धा झाल्यावर हवीत. तोवर गटात कोण काम टाळतंय हेही कळलेलं असतं आणि सभ्यपणाचा पहिला थर थोडा उडालेला असतो. गट पाडताना एका देशाची दोन मुलं तरी एकत्र असू द्या, म्हणजे कुणा एकट्यावर अख्ख्या भारताच्या वतीने उत्तर द्यायची वेळ येणार नाही. आणि ती दोघं शक्यतो एकाच वस्तीतली, एकाच शाळेतली नकोत.