सीईटीची टेस्ट सिरीज: स्क्रीन झकास, पण प्रश्न कोणी तपासले?

भाचीने इंजिनिअरिंग प्रवेशाच्या एमएचटी-सीईटीसाठी (पीसीएम, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स गट) एका ॲपची टेस्ट सिरीज १,४९९ रुपयांना घेतली. मी सांगलीत ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झाले, पेपर काढणं आणि मॉडरेशन यात बरीच वर्षं गेली. त्यामुळे ती सोडवायची आणि मी शेजारी बसून प्रश्नांवर लाल पेन चालवायचे. ॲपचं नाव लिहीत नाही. तुमच्याकडे दुसरं ॲप असेल तरी खालच्या गोष्टी त्यात तपासून बघा.

आधी पेपरचा साचा. खऱ्या सीईटीत पहिल्या ९० मिनिटांत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे १०० प्रश्न असतात. मग तो भाग बंद होतो आणि पुढच्या ९० मिनिटांत प्रत्येकी दोन मार्कांचे गणिताचे ५० प्रश्न. हे ॲप मात्र १८० मिनिटं सगळं खुलं ठेवतं, वाटेल तिकडे उड्या मारा. शिवाय चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतं, आणि ते बंद करायची सोय नाही. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाहीच. परिणाम काय, तर पोरगी अंदाज न लावता प्रश्न कोरे सोडायला शिकली. ही सवय मोडायला मला नंतर डोकेफोड करावी लागली.

आता पर्यायांकडे येऊ. माझा खरा राग इथे आहे. एक प्रश्न: बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर २० सेमी, वस्तू ३० सेमीवर, प्रतिमा कुठे? उत्तर ६० सेमी. दिलेले पर्याय ५९.५, ६०, ६१ आणि ६२! अशी चूक कोणता मुलगा करतो? चिन्हाचा घोळ घातला की १२ येतं, दोन्ही आकडे नुसते मिळवले की ५०. फसवे पर्याय हवेत ते हेच. १२ आलेल्या मुलाला १२ यादीत दिसलंच नाही, तर तो 'कुठेतरी चुकलं' म्हणून परत सोडवतो आणि मार्क घेऊन जातो. म्हणजे ज्याला चिन्हांचा नियम येत नाही त्याला प्रश्नच हळूच सांगतो की बाबा, परत बघ. चार आकडे लिहिले म्हणजे चार पर्याय झाले असं नसतं.

थिअरीच्या प्रश्नांत तर वाचायचीसुद्धा गरज नाही. सगळ्यात लांबलचक पर्याय बरोबर, आणि 'वरीलपैकी सर्व' दिसलं की डोळे मिटून तेच. गंमत म्हणजे ॲप पर्यायांची अदलाबदल करतं, त्यामुळे 'वरीलपैकी सर्व' कधी कधी पहिल्याच क्रमांकावर येतं. वर काय, तर प्रश्न! कॉपी टाळायला अदलाबदल चांगलीच, पण मग स्पष्टीकरणात 'म्हणून पर्याय (ब) बरोबर' असं लिहून चालत नाही. मुलीच्या स्क्रीनवर (ब) भलताच असतो.

उत्तरतालिकेचीही तीच तऱ्हा. कक्षेची त्रिज्या वाढली की उपग्रहाचा वेग वाढतो, असं हे ॲप शिकवतं. कमी होतो हो! कळवलं, 'टीमकडे पाठवलं आहे' असं उत्तर आलं, तालिका तशीच. एका प्रश्नाने काय बिघडतं म्हणणाऱ्यांनी २०२४ ची 'नीट' ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा आठवावी. 'प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात' हे विधान जुन्या पाठ्यपुस्तकानुसार बरोबर, नव्यानुसार चूक, म्हणून दोन्ही उत्तरांना मार्क दिले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं आणि निकाल बदलला. बरोबरला चार, चुकीला वजा एक, म्हणजे एका प्रश्नात पाच मार्कांचा फरक.

पर्सेंटाइलवर तर अजिबात जाऊ नका. सीईटी अनेक शिफ्टमध्ये होते. तुमच्याच शिफ्टमधल्या किती टक्के मुलांना तुमच्याइतके किंवा कमी मार्क आहेत, तेवढं तुमचं पर्सेंटाइल, आणि बरोबरी टाळायला ते सात दशांश स्थळांपर्यंत काढतात. ॲपनेही ऐटीत सात दशांश छापलेत. पण ती मॉक, म्हणजे सराव परीक्षा, दिली होती जेमतेम ३०० जणांनी. एक मुलगा पुढेमागे झाला की पर्सेंटाइल ०.३३ ने हलतं, तिथे सातवा दशांश कशाला मिरवायचा? त्यात दोन मिनिटांत पेपर बंद करून गेलेलेही मोजलेले. काही प्रश्न आधीच्या मॉकमधून जसेच्या तसे उचललेले, आणि पीडीएफ टेलिग्रामवर फुकट फिरतायत. कोणी उत्तरं आधी बघून बसलंय, कोणास ठाऊक.

एक सोय मात्र मनापासून आवडली. प्रत्येक प्रश्नाला किती वेळ लागला आणि कोणता पर्याय किती टक्के मुलांनी निवडला हे दिसतं, तेही 'टॉपर' आणि 'इतर' असं वेगवेगळं. वरच्या २७ टक्के आणि खालच्या २७ टक्के मुलांची तुलना करून प्रश्न जोखायची ट्रूमन केली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची १९३९ ची रीत आम्ही बी.एड.ला घोकली होती. इथे तिचाच धाकटा भाऊ आयता मिळतो. त्या उपग्रहाच्या प्रश्नात बहुतेक टॉपर 'चूक' ठरले होते. हुशार पोरं एकजात चुकतायत म्हणजे प्रश्न किंवा तालिका तपासा, हे कंपनीला स्वतःच्याच आकड्यांवरून कळायला हवं होतं. आकडे छापतात, वाचत कोणी नाही.

माझ्याकडून पाचपैकी अडीच स्टार, त्यातले दोन प्रश्नागणिक वेळ दाखवणाऱ्या रिपोर्टचे. घ्यायचीच तर सर्वात लहान पॅक घ्या, 'रँकर'वाला महागडा घेऊ नका, त्यात तेच प्रश्न परत येतात. ९० मिनिटांचा गजर घरच्या घड्याळावर लावा. फिजिक्सचं उत्तर पटलं नाही तर आधी पाठ्यपुस्तक उघडा, ॲपचं स्पष्टीकरण नंतर.