फुटपाथला ठोकलेली टीटी आणि शिवडीचं गॅरेज

चार स्टार देतोय, पाचवा का कापला ते पुढे येईलच.

गाडी ऑडी टीटी, 2011 ची, सेकंडहँड घेतलेली. दोन दारं, मागच्या सीटवर माणूस बसत नाही, फार तर जेवणाचा डबा बसतो, आणि आमच्या सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर तिरकी नाही घातली तर खालून असा खर्रकन आवाज येतो की वॉचमन पण तोंड वाकडं करतो. बायकोच्या मते दोन माणसांची गाडी आणि चार माणसांचा खर्च. तर जुलैतली रात्र, पाऊस धो धो, माटुंग्याला फाईव्ह गार्डनच्या इथून येत होतो, एक बाईकवाला राँग साईडने आडवा आला, मी स्टेअरिंग कापलं आणि डावं पुढचं चाक फुटपाथच्या कडेवर चढून धाडकन खाली आलं. स्पीड काही खास नव्हता, तीस-पस्तीस. पण टायर 245/40 चा (245 मिमी रुंद, रबराची उंची त्याच्या 40 टक्के), रिम 18 इंची, म्हणजे दणका खायला रबर जेमतेम दहा सेंटीमीटर, बाकी सगळं थेट रिमला आणि रिममधून सस्पेन्शनला.

दुसऱ्या दिवशी घराजवळच्या एका टायरवाल्याकडे गेलो (नाव नको). स्टेअरिंग तिरकं झालं होतं, त्याने अलाइनमेंट केली म्हणजे चाकांचे कोन जुळवले, आठशे रुपये घेतले, स्टेअरिंग सरळ. मी म्हटलं अजून जराशी डावीकडे ओढते, तर म्हणे साहेब रस्त्यालाच डावीकडे उतार असतो. पटलं मला! रस्त्याला उतार असतो हे खरंच आहे ना. दीड महिना तशीच चालवली, कोस्टल रोडवर 80 ला सुद्धा, आणि एक दिवस गाडी धुणारा पोरगा म्हणाला साहेब हा टायर आतून बघा. आतली कड तुळतुळीत, बाहेरून टायर नवाकोरा.

तिथून मग ऑफिसातल्या एकाने या गॅरेजचा पत्ता दिला. शिवडीला, गोडाऊनच्या मधल्या गल्लीत, बाहेरून बघितलं तर स्कूटर पण द्यावीशी वाटणार नाही. मालक काका साठीचे असतील. त्यांनी कॉम्प्युटर-बिम्प्युटर काही लावला नाही, आधी गाडीच्या बाजूला उकिडवे बसले आणि टायर आणि चाकाच्या कमानीच्या मागच्या कडेत बोटं घालून बघितली. उजवीकडे चार बोटं गेली, डावीकडे तीन, तीही रेटून. "साहेब, तुमचं चाकच मागं सरकलंय. आर्म वाकलाय. अलाइनमेंट कसली करता याची?" (आर्म म्हणजे चाकाला खालून गाडीशी धरून ठेवणारा दांडा.)

नंतर जे केलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. गाडी जॅकवर घेतली, शॉकअबचा वरचा नट ढिला केला आणि शॉकअबचा रॉड पान्याने हळूहळू फिरवला. चाकाचा वरचा भाग चक्क आत-बाहेर डुलायला लागला. रॉड सरळ असेल तर तो फिरवला तरी चाक आहे तिथेच राहतं, वाकलेला असेल तर डुलतं, एवढं सोपं. उजव्या बाजूलाही तेच करून दाखवलं, तिथे चाक ढिम्म.

मग अलाइनमेंट मशीनवर घेऊन प्रिंट काढली. कॅम्बर म्हणजे चाक वरून आत-बाहेर किती झुकलंय ते, उणे म्हणजे आत. डावा कॅम्बर उणे 2 अंश 5 मिनिटं, उजवा उणे 0 अंश 40 मिनिटं. (अंशात मिनिटं असतात हे शाळेत शिकलो होतो, कामाला कधी येईल असं वाटलं नव्हतं.) कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं तो बाजूने बघितला तर मागे किती कलतो ते) डावीकडे दीड अंशाने कमी, गाडी त्याच बाजूला ओढत होती ती त्यामुळे, बिचाऱ्या रस्त्याचा काही दोष नाही. आणि टो, म्हणजे वरून बघितलं तर चाकं पुढून आत-बाहेर किती वळलीत ते? टो एकदम परफेक्ट! टायरवाल्याने टाय रॉड (स्टेअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) फिरवून मशीनवर तेवढाच आकडा हिरवा करून दिला होता, आणि चाक वरून आत झुकलेलं होतं ते तसंच.

मी विचारलं आर्म सरळ करून नाही का चालणार, कारण नव्याची किंमत ऐकून घाम आला होता. काका म्हणाले लोखंडाचा असता तरी केला नसता, हा तर ॲल्युमिनियमचा, एकदा वाकला की परत वाकवताना आत चीर पडते, वरून दिसतही नाही. आर्म लेमफोर्डरचा आणला, शॉकअब बिलस्टाईनचे दोन, एकच बदलला तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या उड्या मारतील म्हणून. टाय रॉड डावा बदलला. बेअरिंग मात्र चाक फिरवून, स्प्रिंगवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाले चांगलं आहे, उगाच पैसे घालू नका. रिमला आतून केसाएवढी चीर निघाली, वेल्डिंग करून देणारे मिळतील पण मी करणार नाही म्हणाले, मग मी स्वतः कुर्ल्याला सीएसटी रोडवर दोन शनिवार घालवून तसलीच रिम शोधून आणली.

दोन गोष्टींसाठी या लोकांना सलाम. एक, आर्मचे आणि सबफ्रेमचे (आर्म ज्या चौकटीवर बसतो ती) काढलेले बोल्ट परत लावले नाहीत, सगळे नवीन. हे बोल्ट टाईट करताना मुद्दाम ताणले जातात म्हणे, एकदाच वापरायचे. दुसरं म्हणजे आर्मच्या बुशचा (सांध्यातल्या रबराचा) बोल्ट गाडी हवेत असताना नुसता अडकवून ठेवला आणि हबखाली (चाक ज्यावर बसतं त्या भागाखाली) जॅक देऊन चाकावर वजन आल्यासारखं केल्यावरच फायनल टाईट केला. नाहीतर गाडी खाली उतरली की बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे मला काकांनी नाही, त्यांच्याकडच्या विशीतल्या पोराने समजावलं, तेही कोपराने घाम पुसत, पाना न सोडता.

शेवटी परत प्रिंट, दोन्ही कॅम्बर पाच मिनिटांच्या फरकात. या गाडीत पुढचा कॅम्बर वेगळा ॲडजस्ट होत नाही, सबफ्रेम जरा डावी-उजवी सरकवून जेवढं होतं तेवढंच, ते त्यांना माहीत होतं. मग लॅपटॉप लावून स्टेअरिंग अँगल सेन्सर झिरो केला, म्हणजे स्टेअरिंग सरळ कधी असतं ते गाडीला परत शिकवलं.

खर्च: आर्म, शॉकअब, टाय रॉड, बोल्ट, मजुरी, अलाइनमेंट मिळून 71,000. रिम आणि दोन टायर वेगळे. इन्शुरन्समधून केलं नाही, कारण दहा वर्षांवरच्या गाडीला मेटल पार्टवर 50 टक्के डेप्रिसिएशन कापतात, टायरचेही निम्मेच देतात, आणि माझा 50 टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट) गेला असता तो वेगळाच. कागदावर हिशोब मांडला आणि गप्प बसलो.

आता तक्रारी. चार दिवस सांगून नऊ दिवस लावले. फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲपवर निळी टिक येते आणि विषय संपतो. बसायला एक प्लास्टिकची खुर्ची, त्यावर मांजर. पक्कं बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, मागा. दुपारी एक ते दोन जाऊ नका, सगळे डबा खात असतात आणि ते बरोबरच आहे, पण गल्लीत गाडी लावायला जागा नाही, तेवढा वेळ तुम्ही टेम्पोवाल्यांच्या शिव्या खात बसाल. आणि ड्रायव्हर सीटवर ग्रीसचा हाताएवढा डाग, पाच बोटांसकट. सीटकव्हर घाला म्हणून मी दोनदा सांगितलं होतं. पाचवा स्टार त्याचाच कापलाय.

मागच्या डाव्या बुशमधून बारीक आवाज येतो, काकांनी सांगितलंय की त्याला अजून वर्षभर काही होत नाही. दिवाळीनंतर दाखवायला जाणार आहे, सीटकव्हर घरूनच घेऊन.