गोल्फ कार्टला लिथियम: ४८ व्होल्टच ठेवावं की ७२ करावं?

सहा सीटची जुनी कार्ट, आठ व्होल्टच्या सहा लेड बॅटऱ्या, आणि सेट आता चार्ज धरत नाही. पार्टी प्लॉट, फार्महाऊस किंवा मोठी सोसायटी सांभाळणाऱ्या बडोद्यातल्या बहुतेकांवर कधी ना कधी ही वेळ येते. पुढे रस्ते तीन: परत लेडचाच नवा सेट, गाडी ४८ व्होल्टचीच ठेवून लेडच्या जागी लिथियम, किंवा लिथियमबरोबर कंट्रोलरही (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा) बदलून थेट ७२. भायलीकडच्या आमच्या प्लॉटसाठी मी दुसरा रस्ता धरला, पाद्र्याकडे शेत असलेल्या मावसभावाने तिसरा. दोन्ही गाड्या मी भरपूर चालवल्यात. पुढचं सगळं त्या अनुभवावरचं आहे, मीटर लावून केलेलं मोजमाप नाही.

लेडचं आधी उरकतो. गाडी रोज फिरत असेल आणि वेळेवर डिस्टिल्ड वॉटर घालणारा भरवशाचा माणूस असेल, तर लेड आजही वाईट नाही. सुरुवातीला पैसे कमी लागतात, जुना सेट बदल्यात जातो. पण आमची गाडी वर्षभर फिरत नाही. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत, नवरात्रीचे गरबे सोडले तर, प्लॉट जवळजवळ रिकामा. मग जेमतेम महिनाभर धावपळ, की कमुरता, म्हणजे लग्नं न करण्याचे दिवस, लागतात आणि उत्तरायणापर्यंत पुन्हा सामसूम. उभ्या लेड बॅटरीला हेच मारतं. ती आपोआप उतरत जाते, उतरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि पुढच्या सीझनला ती नावापुरती उरते. त्यात आपला मे महिना चाळीसच्या वरचा. लिथियम निम्म्या चार्जवर आणून मेन स्विच बंद करून ठेवलं, तर अधूनमधून नजर टाकण्यापलीकडे काही करावं लागत नाही. माझ्यापुरतं लेड इथेच बाद झालं.

लिथियम म्हणजे मी लिथियम आयर्न फॉस्फेट, बाजारातलं एलएफपी, धरून बोलतोय. दुसऱ्या रसायनात वजन आणखी वाचतं, पण मंडपाचं कापड, फुलं आणि माणसांच्या गर्दीत फिरणाऱ्या गाडीला मी तरी एलएफपीच घालीन. तापलं तरी ते सहजासहजी पेट घेत नाही. सहा लेड बॅटऱ्या मिळून १७० किलोच्या आसपास भरतात. त्यांच्या जागी आलेला पॅक पन्नासच्या आतबाहेर. फरक पहिल्याच फेरीत कळतो. गाडी मोकळी वाटते, मात्र मागचे पाटे जरा कडक लागतात. सीट भरलेल्या असल्या की तेही जाणवत नाही. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळी: रात्री अकराला गाडी संध्याकाळी सातसारखीच चालते. लेडवर शेवटच्या फेऱ्यांना ती रडत रडत जायची.

आता खरा प्रश्न. ७२ चा मोह बहुतेकांना पडतो तो रेंजसाठी, आणि तिथेच गफलत आहे. ४८ च्या गाडीला बसणारा ५१.२ व्होल्टचा १०५ अँपिअर-अवरचा पॅक म्हणजे सोळा सेल, साधारण ५.४ युनिट वीज. ७२ साठीचा ७६.८ व्होल्टचा ७० अँपिअर-अवरचा म्हणजे चोवीस सेल, आणि वीज तीच, ५.४ युनिट. व्होल्टेज वाढवून टाकी मोठी होत नाही. किलोमीटर हवे असतील तर पैसे अँपिअर-अवरमध्ये घाला.

७२ चे फायदे आहेत, नाही असं नाही. तेवढ्याच ताकदीला करंट दोन-तृतीयांश लागतो, त्यामुळे केबल आणि जोडांमधली उष्णता निम्म्याहूनही खाली येते. मोटर जास्त फिरते, वेग वाढतो, चढावर दम टिकतो. मावसभावाची वाट लांब आणि कच्ची, शेवटी कालव्याचा बांध चढायचा. त्याने ७२ केलं ते बरोबरच केलं असं मला वाटतं. केवडियाकडे टेकडीवर कुणाचं रिसॉर्ट असेल तर त्यानेही विचार करावा. पण बडोदं सपाट आहे. आमच्याकडे सगळ्यात मोठा चढ म्हणजे पार्किंगमधून लॉनवर येणारा रॅम्प.

माझा निर्णय मात्र या हिशेबावर झाला नाही. तो झाला पायाखालच्या पेडलवर.

लग्नात कार्टचं काम काय? पार्किंगपासून मंडपापर्यंत आजी-आजोबांना आणणं. निम्मी वाट गर्दीतून, माणसाच्या चालीने. समोर वरघोडा, म्हणजे नवरदेवाची वरात, नाचत असतो, मध्येच पोरं धावतात, फोटोग्राफर उलटा चालत येतो. मावसभावाची गाडी एका लग्नापुरती मागून आणली होती, तेव्हा मी तिच्यावर बराच वेळ होतो. जुन्या गाडीत अर्धा इंच पेडल दाबलं की ती सरकायची. हिच्यात तेवढ्यालाच उसळी. साहजिक आहे. पेडलचा प्रवास तेवढाच राहतो आणि त्यात आता दीडपट व्होल्टेज कोंबलेलं असतं. थांबा, सरका, थांबा, सरका, आणि प्रत्येक सरकण्याला हिसका. चालवणाऱ्याला त्याचं फार काही वाटत नाही, तो स्टिअरिंग धरून असतो. पण सहा सीटच्या गाडीत मागची बैठक सहसा उलट्या तोंडाची असते. गाडी पुढे उसळली की मागे बसलेला माणूस पाठीवर रेलत नाही, तो गाडीबाहेर जायला बघतो. एक बा (आजी) मागे बसल्या होत्या, एका हातात पर्स, दुसरा हात दांड्यावर. हिसक्यासरशी दांड्यावरचा हात सुटला आणि त्यांनी शेजारच्या सुनेचा शालू मुठीत पकडला. झालं काहीच नाही, सून हसलीसुद्धा. पण त्यानंतर रात्रभर मी मागच्या सीटवर वयस्कर माणूस बसवला नाही.

प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर असेल तर हे मऊ करता येतं, हे मला मान्य आहे. मावसभावाने नंतर करून घेतलंही, आणि गाडी बरीच सुधारली. फक्त मग विचार असा येतो की ७२ चे पैसे मोजायचे आणि तिला ४८ सारखं चालायला शिकवायचं, तर सपाट जागेवर मिळवलं काय? शिवाय अशा बऱ्याच गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना, साधे ड्रमचे, वीसेक किलोमीटरच्या वेगासाठी दिलेले. वेग विसावरून तिसावर नेला की थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट होते. ब्रेक वाढवल्याशिवाय व्होल्टेज वाढवू नये, एवढं तरी मी ठामपणे म्हणेन.

बाकीचं भराभर. ७२ ला कंट्रोलर, सोलेनॉइड (मुख्य वीज जोडणारा-तोडणारा स्विच), चार्जर, दिवे-हॉर्नचा कन्व्हर्टर सगळं बदलतं. पूर्ण चार्जला तो पॅक ८७.६ व्होल्टवर जातो, म्हणजे प्रत्येक भागाची वरची मर्यादा त्याच्यापुढची हवी. ५१.२ चा पॅक पूर्ण भरला तरी ५८.४ वर थांबतो. इलेक्ट्रिक गाड्यांच्या नियमांत डीसीसाठी (बॅटरीच्या विजेसाठी) ६० व्होल्टची रेघ आहे, तिच्यावरचं व्होल्टेज धोक्याचं धरतात. हा पॅक तिच्या आत राहतो. आमच्याकडे फ्यूज माळीकाका बदलतात, म्हणून मला हे महत्त्वाचं वाटतं.

४८ ला लिथियम टाकणंही अगदी बिनघोर नाही. ई-रिक्षामुळे ५१.२ चे पॅक हल्ली सहज मिळतात आणि दुकानदार तेच पुढे करतो. ई-रिक्षाची मोटर लहान, तिला लागणारा करंट कमी. कार्टचा कंट्रोलर रॅम्पवर क्षणभर दोन-तीनशे अँपिअर ओढू शकतो. पॅकमधल्या बीएमएसला (सेल सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटला) ते झेपलं नाही तर तो सरळ वीज तोडतो आणि भरलेली गाडी रॅम्पच्या मध्यावर मरते. तेव्हा अँपिअर-अवर विचारण्याआधी बीएमएस सतत किती आणि क्षणभर किती अँपिअर देतो ते विचारा, आणि बॅटरीच्या सुरक्षेचं एआयएस-१५६ प्रमाणपत्र बघा. लेडचा चार्जर लिथियमला लावू नका. जुना बॅटरी-काटाही उपयोगाचा राहत नाही, कारण लिथियमचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत हलत नाही. काटा भरलेलं दाखवत असतानाच गाडी थांबेल. करंट मोजून टक्के दाखवणारा मीटर बसवून घ्या. आणि विश्वामित्रीच्या काठाकडे जागा असेल तर ऑगस्ट २०२४ आठवून पावसाळ्यात गाडी उंचावर ठेवा. पॅक पाण्यात बुडाला असेल तर वरून कोरडा दिसला म्हणून चार्जिंगला लावायचा नाही, आधी उघडून तपासून घ्यायचा.

तुमची जागा चढ-उताराची नसेल आणि गाडीत वयस्कर माणसं बसणार असतील, तर मी ४८ वरच राहीन आणि वाचलेल्या पैशांत पॅक जरा मोठा घेईन. काम आषाढ-श्रावणात काढा. तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर मकरपुऱ्यातल्या कारागिरांपैकी कुणाला वेळ नसतो. शेवटचा हप्ता देण्याआधी कारागिराच्या देखत सहाही सीट भरा, गाडी रॅम्पच्या मध्यावर थांबवा आणि तिथूनच पुन्हा उचलायला सांगा. मागच्या सीटवर तुम्ही स्वतः बसा.