'फुल नोड'च्या डबीत माझे ३,५२,९०० रुपये गेले
मी अडाणी नाही. सोलापुरात विजापूर रोडला चौदा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे माझं. म्हणून तर हे लिहायला जास्त लाज वाटते.

सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा भरला होता तेव्हा मावसभाऊ एकाला दुकानात घेऊन आला. तो म्हणाला, इथेरियम या क्रिप्टो चलनाच्या नेटवर्कचा नोड, म्हणजे त्याच्या नोंदी सांभाळणारं मशीन, घरी बसवा, दर सोमवारी पैसे. लाइट नोड २५,०००, फुल नोड ८५,०००, व्हॅलिडेटर, म्हणजे व्यवहार तपासणारा नोड, २,४०,०००. मी फुल नोड म्हणून एक डबी घेतली, रोखीत. सहा सोमवार, दर वेळी ३,१०० रुपये खात्यात आले. पैसे हातात पडल्यावर कोण संशय घेईल, सांगा. मग बायकोचे दागिने गहाण टाकून व्हॅलिडेटर घेतला, तोही रोखीत.

खरं तर पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. डबी मी स्वतः उघडली. आत ३२ जीबीचं मेमरी कार्ड! वीस मिनिटांत त्यांच्या ॲपवर 'सिंक १००%', म्हणजे सगळा डेटा उतरला. खऱ्या फुल नोडला एक टीबीच्या वर जागा लागते, डेटा उतरायला तासन्‌तास, कधी दिवसही जातात. माझ्या राउटरवर दिवसभरात ४० एमबीसुद्धा दिसत नव्हते. रोज लोकांच्या हार्डडिस्क बदलणारा माणूस मी, आणि 'सर, सगळं क्लाउडवर आहे, डबी फक्त चावी' या विकणाऱ्याच्या वाक्यावर गप्प बसलो. ते कार्ड आठवलं की अजून झोप उडते.

नुसता फुल नोड चालवून इथेरियम कुणाला पैसे देत नाही. कमाई व्हॅलिडेटरची, आणि त्याला ३२ इथर (इथेरियमचं चलन) स्वतः गुंतवावे लागतात. २,४०,००० मध्ये ते कुठून येणार? हे मी नंतर वाचलं.

ॲपवर नफा १,५५,००० दिसत होता. काढायला गेलो तर म्हणे आधी ३० टक्के कर भरा. ४६,५०० यूपीआयनं भरले. क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर २०२२ पासून आहे, पण तो सरकारला भरायचा असतो, कुणा माणसाच्या खात्यावर नाही.

पोलीस ठाण्यात तीन तास बसवलं. 'तुम्हीच दिले ना?' पावती मागितली. रोखीची पावती कोण देतो? सायबरकडे जा म्हणाले. तिथं बँकेचा शिक्क्याचा उतारा हवा. बँक म्हणते आधी एफआयआर आणा. या चकरांत २३ दिवस गेले, दुकान बंद ठेवून. तक्रार क्रमांक मिळाला, त्यानंतर एक फोन नाही. चोर मोकळा, आणि गुन्हेगारासारखी उत्तरं मी द्यायची! ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी लाजेपोटी नऊ दिवस घरात कुणाला बोललो नाही, तोवर मी यूपीआयनं पैसे भरलेलं ते खातं रिकामं झालं होतं.

मावसभावाचेही ८५,००० गेलेत, त्याच्यावर मी रागावत नाही. जुळे सोलापुरात अजून काही घरांत ही डबी चालू आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी दुकानात आणावी, पैसे न घेता उघडून आतलं कार्ड दाखवतो.